लेडीज साइडचं हसू

तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहणारा केवळराम सिनेमाचा भारी शौकीन. रविवारी पाहिलेला सिनेमा सोमवारी मिलच्या अंगणात असा रंगवून सांगायचा, की मुकादमसुद्धा बिडी विझवून ऐकत बसे. गडी बोलण्यात कोणाच्या बापाला हार जाणारा नव्हता. घरी मात्र बायकोला, रुखमिणीला, साधं 'चल' म्हणायलाही लाजायचा.

अठ्ठ्याहत्तर साली दुपारच्या खेळाला एक निराळाच सिनेमा लागला. नट अनोळखी, मारामारी नाही. एक भित्रा कारकून आणि एक नर्स, एवढंच. रुखमिणीने हट्ट धरला म्हणून तो तिला घेऊन गेला. टॉकीजच्या रिवाजाप्रमाणे ती कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे लेडीजमध्ये बसली, हा अलीकडे, मिलमधल्या डोमाच्या बाजूला.

पडद्यावर तो कारकून मुलगी पाहायला म्हणून त्या नर्सच्या घरी गेला आणि निघताना घाबरून तिच्या बापाच्याच चपला घालून चालू लागला. टॉकीज ढिम्म. एकटी रुखमिणी खळखळून हसली. का हसली ते केवळरामला बरोबर कळलं. सानगडीला, तिच्या माहेरी, तिला पाहायला गेला तेव्हा त्याने हाच पराक्रम केला होता! त्याच्याही ओठांवर हसू आलंच होतं, तेवढ्यात डोमाने कोपर मारलं.

"कोणाची बाई व्हय बे? कायले हासून राहिली एवढी?"

"कोण जाने!" केवळराम मोठ्याने बोलला. "असन एखादी येडी."

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. भिंतीपलीकडचं हसू तुटलं.

पुढे त्या नर्सची बदली झाली. बस स्टँडवर चार मित्रांदेखत कारकुनाने तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. गाडी गेल्यावर मात्र एकटाच बाकावर बसून रडला. केवळरामचे डोळे भरून आले. सिनेमा फार चांगला होता, आणि तो आपण नासवला, हे त्याला तिथंच कळून चुकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

घराकडे जाताना त्याने भीतभीत विचारलं, "कसा वाटला?"

"येडीले काय समजते जी?" रुखमिणी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सोमवारी त्याने मिलमध्ये सिनेमा सांगितला नाही. डोमाला बाजूला घेऊन म्हणाला, "काल ते हासून राहिली व्हती ना, ते माही बायको व्हय."

"मंग तवाच काहून नाई बोलला बे?" डोमाने विचारलं. मान खाली घालून केवळरामने पोतं उचललं.

त्यानंतर रुखमिणी सिनेमाला येत राहिली, नवरा म्हणतो म्हणून. विनोदी जागा आली की केवळराम पडदा सोडून भिंतीकडे कान लावायचा. पलीकडे सगळ्या बाया हसायच्या. त्यात तिचं हसू त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.