सिनेटरांचा डबा

सिनेटर कुणाच्याही घरी आधी "काम काय आहे?" असं विचारल्याशिवाय चहा घेत नसत. काही काम नाही अशी खात्री पटली, की मगच कप उचलत.

हे नाव आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनीच ठेवलेलं. बँकेतून निवृत्त होऊन ते सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणत आणि दोन महायुद्धांमधल्या अमेरिकेच्या राजकारणाबद्दल असं बोलत, जणू कालच तिथून आलेत. तेलवाल्यांनी मंत्र्याला बॅग भरून पैसे पाठवले आणि नौदलाचे तेलसाठे पदरात पाडून घेतले, ही एक गोष्ट. पैसा ओतून निवडून आलेल्या माणसाला सिनेटनं आत बसूच दिलं नाही, ही दुसरी आणि लाडकी. "श्रीमंत माणूस वाईट नसतो, बाई," ते मला म्हणत. "त्याला नाही म्हणायची सोय नसते, ते वाईट."

मी तेव्हा मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चालवत होते. सार्सची साथ ओसरली त्याच्या पुढच्या वर्षी एक बडे उद्योजक अध्यक्षपदाला उभे राहिले. हॉलचं भाडं ते भरणार होते. बदल्यात वर्ग बंद, आणि त्या वेळात मुंबईच्या कलाकारांचे कार्यक्रम. मी विरोधात अर्ज भरला. त्यांनी आपल्या आलिशान कॉन्डोवर सगळ्यांना जेवण ठेवलं. मी जाणार नव्हते. सिनेटर म्हणाले, "जा. मान खाली घालून कोण जेवतंय ते बघा."

बघितलं. निम्मे पुरुष त्यांच्याच कंपनीतले, एम्प्लॉयमेंट पासवर आलेले; नोकरी गेली की पास गेला, देशही सोडायचा. आणि आमच्याकडे मतदान हात वर करून. घरचंच मंडळ, चिठ्ठ्या कशाला, अशी पहिल्यापासूनची पद्धत.

सभेला सिनेटर पेढ्यांचा रिकामा स्टीलचा डबा घेऊन आले. झाकणाला चीर पाडलेली. मतदान चिठ्ठीनं घ्या, असा ठराव त्यांनी मांडला. उद्योजक हसले. "जरूर, काका. ठरावाला कोणाकोणाचा पाठिंबा आहे? हात वर करा."

एकही हात हलला नाही. ही अडचण सिनेटरांच्या पुस्तकांत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि वर्गात सांगते तसंच सांगितलं, "सगळ्यांनी डोळे मिटा."

मुलांच्या बाईंनी सांगितल्यावर आईबापांनी निमूट मिटले. उद्योजकांनीही मिटले, चारचौघांत एकट्यानं उघडे ठेवणं बरं दिसलं नसतं. हात मोजायला मी हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिनी अंकलना बोलावलं. त्यांनी दोनदा मोजले. "ऑलमोस्ट एव्हरीबडी, लाह."

त्यानंतर डब्यातून माझं नाव निघत राहिलं, निघतच राहिलं. वर्ग वाचला.

सिनेटरांनी अभिनंदन केलं, पण माझ्याकडचा चहा त्या दिवसापासून बंद. "आता तुम्ही सत्तेत आहात," म्हणाले. मी चिडले. ते बधले नाहीत.

दोन वर्षांनी त्याच डब्यानं मला घरी बसवलं. सेरंगून भागात राहणारा एक तरुण इंजिनीअर निवडून आला. वर्गाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सिनेटर आले, काहीही न विचारता कप उचलला आणि संपवून पुढे केला. "अजून आहे का?"

महिन्याभरानं ते कायमचे पुण्याला गेले. डबा इथेच आहे.