आबांचं गप्प बसणं

जळगावच्या एका सर्व्हरवाल्याने मला फसवलं. पैशात नाही, पैशात मला फसवणारा अजून भेटायचा आहे. तो दोन गोष्टी खोट्या बोलला आणि त्यापायी एरंडोलकडच्या एका म्हाताऱ्या माणसाचं हसं झालं.

धुळ्यात माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. हातगाडीपासून एकटीने उभं केलेलं. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांच्या गप्पांचं पॉडकास्ट काढायचं मनात आलं, पण गिऱ्हाईक सोडून एडिटिंग करत कोण बसणार? म्हणून त्या जळगाववाल्याकडून सर्व्हर बसवून घेतला. रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये टाकायचं. पंख्याची घरघर काढणं, संगीत जोडणं, लोकांपर्यंत पाठवणं, सगळं आपोआप.

"मूळ रेकॉर्डिंग राहतं ना?" मी विचारलं होतं.

"राहतं ताई. बिनधास्त राहा."

पहिल्या भागाला एरंडोलकडच्या आबांनाच बसवलं. बैलबाजारात भलेभले ज्यांच्याशी सौदा टाळायचे, ते हे आबा. त्यांनी एका बैलजोडीचा सौदा दोन्ही बाजूंनी करून दाखवला. विकणारा भाव सांगतो. आबा गप्प. मग नुसतं "हूं". पुन्हा गप्प. शेवटी विकणाराच कंटाळून खाली उतरतो. मीही सौदा करायला असंच बघून बघून शिकले.

सर्व्हरने ते गप्प बसणं कापलं. "हूं"सुद्धा कापलं. लोकांनी ऐकलं ते एवढंच, की विकणारा भाव सांगतो आणि त्याच दमात स्वतःच कमी करतो. आबांनी त्यात काही केलंच नाही!

आबांचा फोन आला. "बठ्ठं गाव माले हासस. म्हणतस, समोरनाच येडा व्हता. मी गप बसनू, ते कोठे गये?"

मूळ रेकॉर्डिंग शोधलं, तर काम झाल्यावर सर्व्हर ते पुसून टाकत होता. माझं डोकं फिरलं. सर्व्हरवाल्याला फोन लावला.

"शांत जागा लोकांना बोअर होतात, ताई. सॉफ्टवेअरच तसं आहे, बदलता येत नाही."

शिव्या तोंडावर आल्या होत्या. त्या गिळल्या आणि गप्प बसले.

"म्हणजे… सेटिंग असतं तसं."

मी गप्प.

"पण सगळ्यांना तेच लावून देतो ना आम्ही…"

त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

मग तेच सॉफ्टवेअर मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः बसवायला घेतलं. फुकट मिळणारं होतं. कितीदा तरी बंद पडलं, कितीदा मी माऊस आपटला. अखेर ती ओळ सापडली: एका सेकंदापेक्षा लांब शांतता आणि मधले हुंकार काप. ती काढून टाकली. मूळ रेकॉर्डिंग आधी दुसऱ्या डिस्कवर जाईल अशी सोय केली.

आबा पुन्हा बोलायला तयार नव्हते. मी एरंडोलला गेले आणि नव्या सर्व्हरवरून काढलेलं रेकॉर्डिंग त्यांच्या कानाशी धरलं. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"हाई ते काहीच नही," आबा वैतागले.

"मी गप्प बसलेय, आबा. पूर्ण आलंय."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिथेच रेकॉर्डिंगसाठी त्यांनी पुन्हा बैलजोडी विकत घेतली, आणि या वेळी पहिल्यापेक्षाही जास्त ताणलं. तो भाग आता गावात मोबाइलवर फिरतोय. पुढच्या भागाला आबा शेजारच्या नानांना घेऊन येणार आहेत.

तरी हिशेब संपलेला नाही. त्या सर्व्हरवाल्याने एरंडोलला यावं, आबांसमोर बसावं, आणि त्यांचं गप्प बसणं कुणाला विचारून कापलं ते सांगावं. आम्ही मध्ये एक शब्द बोलणार नाही. उत्तर येईपर्यंत बसून राहू.