काठ अडकला कॉम्प्युटरात

आमच्या घरात अक्कल असलेली एकच व्यक्ती आहे आणि ती मी आहे. निदान मंदाच्या लग्नाच्या साडीपर्यंत तरी माझा तसा ठाम समज होता.

मंदा माझी नणंद. पवनीत आमचं कोसा रेशमाच्या साड्यांचं घर, माग घरचेच. मंदाचा हट्ट एकच, लग्नाच्या साडीला आईने आखलेलाच काठ पाहिजे. सासूबाई आता नाहीत. त्यांच्या हातचा काठाचा नकाशा वाळवीने खाल्ला. त्याची नक्कल उरली ती फक्त आमच्या ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरात. (जुना म्हणजे किती? पडद्याला मागे एवढी मोठी पाठ, की तिच्यावर मांजर झोपतं!) मागावर ताणा चढला, विणकर हात बांधून बसला, आणि नकाशा छापायला हे कॉम्प्युटरपुढे बसले. मशीन बऱ्याच दिवसांनी चालू होणार, म्हणून मी रीतसर त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. ह्यांनी बटण दाबलं.

पीं पीं पीं पीं! थांबायचं नावच नाही.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. मंदाने वाचलं, "दादा, कीबोर्ड एरर म्हनते."

"म्हनू दे," हे म्हणाले. "मशीनचं कोनी मनावर घेते का? रोग आतमधी असते!"

झालं! ह्यांनी एकेकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या सर्टिफिकेटला आमच्याकडे फ्रेम आहे. (लग्नाच्या फोटोला नाही!) ह्यांनी पेचकस घेऊन डबा उघडला, आत तोंड खुपसून जोरात फुंकर मारली आणि सगळी धूळ स्वतःच्याच डोळ्यांत घेतली.

"काहून जी, दिसते का काही?" मी विचारलं.

"आधी पानी आन!"

पाणी दिलं. मशीनला पुन्हा अक्षताही वाहिल्या. (घरात देवाधर्माचं कोणीतरी बघायला नको?) तरी पीं पीं चालूच.

शेवटी मी माहेरची अक्कल मागवली. माझा धाकटा भाऊ गजू, लाखांदूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एसटीने आला, दोनदा पोहे खाल्ले, मग म्हणाला, "बाई, रॅम घासा लागते." रॅम म्हणजे आतली एक हिरवी पट्टी. ती त्याने खोडरबराने अशी घासली, जशी मी जळकी कढईही घासत नाही. पट्टी परत लावली. बटण दाबलं. पीं पीं बंद आणि पडदाही काळा!

ह्यांना कोण आनंद! "पाह्य, तुझ्या भावानं मारला न!"

"पट्टी ढिली बसली भाऊजी," म्हणत गजूने ती दाबून बसवली. पीं पीं पुन्हा सुरू. "पाह्यलं? सुधारना आहे!"

आणि थोड्या वेळाने हाच शहाणा हात झटकून म्हणतो, "हार्ड डिस्क गेली वाटते बाई. काठ गेला समजा."

मंदा मटकन खाली बसली. "आईचं तेवढंच राह्यलं होतं वहिनी." आणि मग माझं डोकं फिरलं. "एक फुंकून राहिला, एक घासून राहिला! पोरगी रडून राहिली! ह्या घरात एकालेबी कणभर अक्कल नाही!" असं म्हणून मी ताम्हनातल्या उरल्यासुरल्या अक्षता, चांगल्या मूठभर, देवाचं नाव घेऊन त्या मशीनवर टाकल्या.

पीं पीं पीं पीं!

"बस कर रे बाप्पा!" मंदा किंचाळली. तिने तो कीबोर्ड उचलला आणि रागाने टेबलावर पालथा आपटला.

खळखळ तांदूळ पडले. पिवळे, लाल, काही ओल्या कुंकवाने बटणांखाली घट्ट चिकटलेले. त्यात एक झेंडूची पाकळी. (दसऱ्याची असावी.) आणि पीं पीं बंद!

ह्यांनी भीत भीत मशीन पुन्हा चालू केलं. एकदाच पीं झालं. मग पडद्यावर हळूहळू काठ उमटला. तोच सासूबाईंचा मोर, एक पाय जरा आखूड असलेला. मंदा हसता हसता रडायला लागली. मीही डोळे पुसले. तेवढ्यात सुटता आलं तर बरं, म्हणून चहा ठेवायला वळले.

"थांबा वहिनी," मंदाने टेबलावरचे तांदूळ गोळा केले आणि माझ्या पदरात ओतले. "आमच्यापाशी कणभरबी अक्कल नाही नं? घ्या, तुमची पसाभर निघाली!"