गोळी घेतानाचा व्हिडिओ

बांद्याचे आमचे डॉक्टर एका हाताने नाडी बघतात, दुसऱ्या हातात मोबाइल. दोन पेशंटांच्या मध्ये मालवणीत रील करतात. "साखर कमी करा रे!" म्हणून ओरडतात. मला ते थिल्लर वाटायचं.

माझी आई प्रेशरची गोळी हटकून चुकवायची. डॉक्टर तिला म्हणाले, "काकी, रोज गोळी घेतानाचो व्हिडिओ माका धाडा. लोकांक दाखवूया."

तेव्हापासून आई ठेवणीतल्या साड्या नेसून, कॅमेऱ्याकडे बघत गोळी घेऊ लागली. तीन महिन्यांत प्रेशर ताळ्यावर आलं.

पण तिचा व्हिडिओ कुठेच दिसेना. मी डॉक्टरांना विचारलं, तर हसले.

"खंयच टाकूक नाय रे. पण एकूण एक बघलंय. काल काकींनी गोळयेवर पाणी कमी घेतल्यानी, सांग तेंका."