दोन बोटांचा ब्लूज

सुख सरळ वाजवलं तरी चालतं, दुःख मात्र दर खेपेला बदलून वाजवावं लागतं, असं मानणारा अख्ख्या खानदेशात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला.

धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मामा फिटर होते. तरुणपणी भुसावळला एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, शिकले आणि कायमचे बिघडले. पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या सुरावरच्या तीन कॉर्ड, बारा बारचं म्हणजे बारा खंडांचं आवर्तन, एवढाच त्या संगीताचा संसार; पण तेच आवर्तन त्यांनी लागोपाठ दोनदा तसंच वाजवलेलं मी कधी ऐकलं नाही. कधी चौथी कॉर्ड दुसऱ्याच बारमध्ये घुसवत, कधी तीच मायनर करून असा काळोख पाडत की ओट्यावरचं कुत्रं उठून जाई. "वाट तीच शे, जावाईबापू," ते म्हणत, "पण ठेच रोज नवी लागाले पाहिजे." जळगावच्या एका लग्नात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना त्यांनी वरातीच्या गाण्यात कोमल निषाद मिसळून चक्क वरमाईला रडवलं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं जेवूही न घालता त्यांना धुळ्याच्या एसटीत बसवलं. मामींनाही हे मंजूर नव्हतं. "हाई गाणं शे का कन्हणं?" त्या विचारत.

नव्वदच्या सुमारास यंत्राच्या पट्ट्यात मामांचा डावा हात सापडला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. गिटार कपाटावर गेली. मामा कामावर जायचे, जेवायचे, बोलायचे मात्र नाहीत. दारावरून वरात निघाली की खिडकी लावून घ्यायचे. "ते कन्हणं बरं व्हतं," मामी मला म्हणाल्या. "आते घरमा मढं बठेल शे."

शेवटी त्यांनीच गिटार काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. उरलेल्या दोन बोटांनी मामांनी कॉर्डचे दोनच सूर धरले, तिसरा आणि सातवा. ती जोडी गिटारच्या दांडीवर एक घर खाली सरकवली की चौथी कॉर्ड, एक घर वर सरकवली की पाचवी! पण बुडाचा सूर नसल्यानं सगळं अधांतरी वाटे. मग पोळ्या लाटता लाटता मामीच तो गुणगुणू लागल्या. मामा त्यांना चकवायला भलत्याच ठिकाणी कॉर्ड बदलत. मामी तिथे आधीच पोचलेल्या असत.

पुढे साध्या तापाचं निमित्त होऊन मामी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी मी भेटायला गेलो. मामा दोन सूर वाजवत आणि थांबत होते. मला पाहून म्हणाले, "खालना सूर धरता का?"

मी आवाज लावला. पहिल्याच बदलाला तो घसरला.

"थांबू का, मामा?"

"नका थांबू. चुकस ते चुकू द्या. कोनी तरी शे, इतलं पुरे."

आणि माझ्या घसरलेल्या सुराला सामावून घेईल अशी कॉर्ड ते त्या दोन बोटांनी शोधू लागले.