मेलेल्या उंदरांची पिशवी

“तूच उचल गं. तुमच्या लोकांना सवय असते.”

मॅडम मराठीत बोलल्या. लॅबमधल्या बाकी दोघी विद्यार्थिनी तेलुगू, त्यांना कळलं नाही. मला नीट कळलं. समोर पिवळ्या पिशवीत मेलेले उंदीर होते. माझे नाही, त्या दोघींचे. पिशवी उचलली, जिना उतरले आणि खालच्या फ्रीझरमध्ये ठेवून आले.

हैदराबादेत मराठी गाईड मिळाली म्हणून मी हुरळून गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं, मग मराठवाड्यातलं गाव विचारलं. मला वाटलं, आपुलकी.

माझं काम असं. इंजेक्शन देऊन उंदरांना मधुमेह करायचा. मग सर्दी-खाजेवर देतात ती ॲलर्जीची औषधं रोज पाजायची आणि साखर उतरते का बघायचं. असे उंदीर सारखे मुततात. शेवटी भूल देऊन मारायचे, स्वादुपिंड काढायचं. मारायचं मलाही नकोसं वाटतं. पण किळस यायचा हक्क फक्त त्या दोघींना. “अक्का, प्लीज,” म्हणायचं की झालं. सगळ्यांच्या पिंजऱ्यांतला ओला भुसा मी काढायचा, मेलेले मी उचलायचे.

इथेच काचीगुड्याला आमचं घर. घरी बाबांना सांगितलं. त्यांचे वडील गावची मेलेली ढोरं ओढायचे. एक दिवस नाही म्हणाले. गावानं वाळीत टाकलं, म्हणून आम्ही इथे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेटा, पीएचडी होऊन जाऊ दे. तोवर उचल.”

मला त्यांचा भयंकर राग आला. मग रडूच आलं. आजोबांना अक्षरओळख नव्हती, तरी नाही म्हणता आलं. मी एवढी शिकून काय केलं?

परवा पुन्हा पिशवी भरली. मॅडमनी नुसत्या मानेनंच ती मला दाखवली.

“ज्याचे उंदीर त्यानं उचलायचे,” मी म्हणाले. “माझे मी उचलीन.”

“प्रबंधावर सही कुणाची लागते, माहितेय ना?”

“माहितेय.”

सही मिळायची नाही. तक्रार करावी तर कमिटीवर त्याच. माझ्या उंदरांची साखरही उतरलेली नाही. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात गेलं, हे मला कळतंय.

पिशवी अजून टेबलाखालीच आहे. वास सुटलाय. मॅडम नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत जातात. मी शेजारीच बसून माझ्या उंदरांना औषध पाजते. वास मलाही येतो. येऊ दे. दुसऱ्याचं मेलेलं जनावर आता माझ्या हातानं हलणार नाही.