बांधापलीकडची तूर

वाटण्या झाल्या तेव्हा एकाच रानाचे दोन तुकडे झाले. मधे बांध, अलीकडं मी, पलीकडं माझी मोठी जाऊ. भोकरजवळच्या आमच्या गावात सेंद्रिय शेतीचा गट निघाला, त्यात आम्ही दोघी गेलो. असे गट नांदेड-लातूरच्या कितीतरी गावांत होते. सगळ्यांनी एकच प्रयोग करायचा आणि शेवटी उतारा ताडून बघायचा, असं ठरलं होतं. लातूरहून येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, शेजारची, एकसारखी जमीन पाहिजे. म्हणून आमचे तुकडे निवडले. दोन्हीकडं तूर, बियाणं तेच, शेणखत तेवढंच. पण एकीनं जीवामृत द्यायचं, दुसरीनं नाही.

चिठ्ठ्या टाकल्या. जीवामृत जावेला निघालं.

मग रोज बघत राहिले. ती पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालायची आणि काठीनं ढवळायची. मला खुरपण सोडून काही काम नव्हतं. दिवाळीनंतर तिची तूर अशी पिवळीधम्मक फुलली, की माझ्या तुरीकडं बघवेना. फुलं माझ्याकडंही होती. पण मला ती दिसायचीच नाहीत.

एके दिवशी उदगीरकडचे शेतकरी जीप करून बघायला आले. मी ठेवणीतलं लुगडं नेसून बांधावर उभी होते. सगळे जावेच्या तुरीत शिरले, तिच्यासोबत फोटो काढले. मग माझ्याकडं वळून मॅडम म्हणाल्या, ‘आणि हा बिनजीवामृताचा तुकडा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी मोबाईलवर सगळ्या गटांत जावेचा फोटो फिरला. तिनं तो मलाच आणून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमला फोन करून सांगितलं, मला न्हाई राहायचं. त्या आल्या, माझ्याजवळ बांधावर बसल्या.

‘ताई, तुमचा तुकडा नसेल तर त्यांच्या तुरीचा अर्थच कुणाला कळणार नाही.’

‘म्हणजे अर्थ माझ्याकडं आन् शेंगा तिच्याकडं,’ मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. पुढच्या हंगामात अदलाबदल करू, म्हणाल्या. एका वर्षावरून काही ठरत नाही, गटालाही ते हवंच होतं. तेवढ्या बोलीवर मी थांबले.

मळणी झाली, सगळ्यांसमोर काट्यावर पोती चढली. तिची तूर जास्त भरली, पण मला वाटली होती तेवढी नाही. माझ्या नजरेत तिनं दुप्पट पिकवली होती. जावेचाही चेहरा उतरला. ‘एवढीच?’ तिनं दोनदा विचारलं. त्या रात्री मला बरी झोप लागली.

पुढं लातूरला सगळे गट जमले. काही गावांत दोन्ही तुकडे सारखेच निघाले होते, काही ठिकाणी आमच्यासारखा फरक होता. बरीच चर्चा झाली. माझं लक्ष निम्मं तिकडं होतं, कारण जाऊ पुढच्या रांगेत बसली होती.

पुढच्या हंगामात पिंप माझ्या बांधावर आलं. मी ढवळायला लागले की जाऊ काहीतरी काम काढून रानात यायची. एकदा म्हणाली, ‘तुझं बरं हाय बाई. लोक आता तुझ्याकडंच येऊन राहिलेत.’ मी काठी जरा जोरात फिरवली.

माझी तूर तिच्यापेक्षा जास्त भरली. काट्याजवळून उठले, गावभर सांगावंसं वाटलं. दुपारी तिनं बांधावरच्या उशिराच्या तुरीच्या हिरव्या शेंगा मिठात उकडून आणल्या. आम्ही सोलत बसलो.

‘किती भरली म्हणालीस?’ तिनं विचारलं.

मी सांगितलं.

तिनं शेंगेतला दाणा तोंडात टाकला. ‘माझी मागच्या साली याच्यापेक्षा जास्त भरली होती की.’

मला ते काट्यावरच कळलं होतं. पाऊस यंदा कमी होता, असं मी म्हणाले. तीही ‘हाव, कमीच होता’ म्हणाली, पण सावकाश.